दोन चांदण्यांचा रुपया

मोबाईलवर कुणीतरी सांगतं की अमुक छापाचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखभर रुपये मिळतील, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर माणसं येऊन बसतात. आमच्या बोरी गावात नाण्यांचा नाद असलेला मी एकटाच, त्यामुळे जाणार तरी कुठं? कुणी रुमालात बांधून आणतं, कुणी देवघरातल्या डबीतून काढून. मी भिंग लावून बघतो आणि सांगतो, पाच रुपयांच्या नाण्याचे पाच रुपये येतील, चहा घ्या आणि जा. निम्मी माणसं चहा न घेताच जातात. मनात मला काय म्हणत असतील ते ठाऊक आहे. मास्तर खडूस आहे, हे मी शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हापासून गावाला माहीत आहे.

मला लाखाची नाणी नकोतच. मला चुकलेली नाणी लागतात. नाण्यावर वर्षाच्या खाली एक बारीक खूण असते, ती टांकसाळीची. मुंबईचं शंकरपाळ्यासारखं चौकोनी चिन्ह, नोएडाचा ठिपका, आणि आमच्या हैदराबादची पाच टोकांची चांदणी. ज्या पोलादी ठशानं नाणी पाडतात, त्या ठशावर ही खूण उमटवताना कधी पहिला ठोका नीट बसत नाही. मग दुसरा मारतात, आणि तेवढ्यात हात केसभर सरकला की चांदणीवर चांदणी बसते. त्यानंतर त्या ठशातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती जोडचांदणी उतरते. अशी नाणी लोकांच्या खिशातून फिरत असतात, दूधवाल्याकडून किराणा दुकानात, तिथून कंडक्टरच्या पिशवीत, आणि कुणाला पत्ता नसतो. तीस वर्षांत मला अशी अकरा सापडली. माझ्या दृष्टीनं ती कमाई फार मोठी आहे.

खरी जोडचांदणी ओळखायची एक साधी रीत आहे, आणि मी ती येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. नाणं भिंगाखाली धरा आणि हळूहळू गोल फिरवा. दुसरी चांदणी ठशातली असेल तर ती नाण्याबरोबर फिरते. उजेडाची सावली असेल तर नाणं फिरतं आणि ती मात्र जिथल्या तिथं राहते. हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की माझी बायको भाकरी थापता थापता आतून म्हणायची, "फिरवा म्हणा त्यांना."

ही गोष्ट घडली ती कापसाची शेवटची वेचणी चालू असताना. पहाटे उजाडता उजाडता मी फिरायला निघतो. गावाबाहेर वावरातली गाडीवाट डांबरी सडकेला मिळते ते एक तिकाटणं आहे, तीन वाटांचं. त्या सकाळी तिथं मधोमध पत्रावळ दिसली. उतारा होता. आदल्या दिवशी अमावास्या होती, म्हणजे नवल काहीच नव्हतं. घरात कुणाला दुखणं असेल तर त्याच्यावरून भात, लिंबू, नाणं ओवाळून तिकाटण्यावर ठेवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. दुखणं त्या जिनसांत उतरतं, आणि जो कुणी त्या उचलील किंवा ओलांडील त्याच्यामागं लागतं, असा आमच्याकडं समज. लोक लांबून वळसा घालून जातात. मी उभा जन्म वर्गात या समजाची टर उडवली, आणि पोरांना मुद्दाम तिकाटण्यावरून सरळ चालायला लावलं.

तरी त्या उताऱ्यापाशी मी थबकलो. गुलालात कालवलेला भाताचा मुटका होता, आणि लिंबाच्या दोन फोडी आभाळाकडं तोंड करून ठेवल्या होत्या. प्रत्येक फोडीच्या मधोमध काजळाचा गोल टिपका होता. उजेड नीट झालेला नव्हता, आणि त्या धुरकट उजेडात ते दोन डोळे वाटत होते. मला ते आवडलं नाही. पण दोन फोडींच्या मध्ये एक रुपया होता, आणि नाणं दिसलं की माझी मान आपोआप खाली जाते. खिशात भिंग असतंच. मी इकडंतिकडं बघितलं, गुडघ्यावर बसलो, आणि हात न लावता भिंगातून वाकून पाहिलं.

वर्षाखाली दोन चांदण्या होत्या.

त्यानंतर मी विचार असा केलाच नाही. रुपया उचलला, त्यावरचं कुंकू रुमालाला पुसलं आणि चालू लागलो. कुत्रं नाही, माणूस नाही, वावरातली कापसाची पऱ्हाटीसुद्धा हलत नव्हती. तरी पाठीवर कुणाची तरी नजर आहे असं घरापर्यंत वाटत राहिलं. मी मुद्दाम मागं वळून बघितलं नाही. मग लक्षात आलं की उतारा ठेवणारी माणसंही नेमकं हेच करतात, आणि मला स्वतःचाच राग आला.

बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधी आंघोळ, मग रुपया परत तिकाटण्यावर, आणि वर आठवडाभर बोलणं. हा बारावा, असं मी मनात म्हटलं आणि कागदाच्या पुडीत घालून नाण्यांच्या तबकात ठेवला. आनंदाच्या भरात तो भिंगाखाली फिरवून बघायचंही राहिलं. तीस वर्षांचा डोळा, त्याला काय फिरवायचं?

चारच दिवसांनी दुधाच्या सुट्या पैशांत तेरावा सापडला. त्याच आठवड्यात चौदावा आणि पंधरावा. मी खूश झालो. मग एस. टी.च्या तिकिटाचे सुटे आले, पाच नाणी, आणि पाचही नाण्यांवर चांदणीला चांदणी चिकटलेली होती. तेव्हा मात्र मला शंका आली. मी माझी जुनी, साधी, शंभरदा बघितलेली नाणी काढली. त्यांच्यावरही दोन. मुंबईच्या नाण्यावर दोन चौकोन, नोएडाच्या नाण्यावर दोन ठिपके. जिथं मी स्वतःच्या हातानं "खूण साधी" असं लिहून ठेवलं होतं, त्या पुडीतल्या नाण्यालाही जोडीदार आला होता.

मी भिंग साबणानं धुतलं. दिवा बदलला. ओसरीवर उन्हात बसून बघितलं. दुसरी चांदणी हटेना. मग ती नाण्यांतून बाहेर आली. सकाळी फिकट होत चाललेला चंद्र दिसायचा, त्याला उजवीकडं वर एक फिकी कड दिसू लागली. तुळशीपुढच्या दिव्याला दुसरी ज्योत आली. एकदा बायको चहा द्यायला वाकली आणि तिच्या कपाळावर मला दोन कुंकवं दिसली, एकाला खेटून दुसरं. कप मी बशीच्या बाहेरच टेकवला. तिनं तो उचलून बशीत नीट ठेवला आणि ती आत गेली.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. जे सगळं आयुष्य थोतांड म्हणून शिकवलं ते माझ्याच डोळ्यांत शिरलं होतं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. डॉक्टरकडं जायची भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाला असता की डोळ्यात काहीच नाही, तर मग उरतं काय? शेवटी एक दिवस भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालं असताना, पुडी खिशात घालून मी तिकाटण्यावर गेलो. रुपया होता तिथं ठेवायचा आणि विषय संपवायचा, असं ठरवलं होतं. पत्रावळ वाऱ्यानं कडेच्या काट्यांत जाऊन अडकली होती. लिंबाच्या फोडी वाळून आक्रसल्या होत्या, पण होत्या तिथंच होत्या, आणि काजळाचे टिपके अजून वर बघत होते. त्यांना मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या.

मी वाकणार तेवढ्यात कडेच्या बाभळीखालून आवाज आला. "मास्तर, काय हुडकायलात?"

गावातली शेळ्या राखणारी बाई होती. पहाटे सगळ्यांच्या आधी याच वाटेनं शेळ्या घेऊन जाते. तिनं डाव्या डोळ्यावर पदराची चिंधी बांधली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, जळणाला पऱ्हाटी उपटताना फांदी डोळ्यात गेली, अमावास्येनंतर चारच दिवसांनी. आता नुसतं पांढरं दिसतं. ती हे अगदी सरळ सांगत होती आणि उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होती. तिच्यासमोर रुपया खाली ठेवणं मला जमलं नाही. काही नाही, म्हणालो, आणि पुडी खिशात तशीच घेऊन घरी आलो.

तिच्या डोळ्याची हकीकत बायकोला माझ्याआधीच कळली होती. त्या दिवसांत बायकोचं एक नवीनच सुरू झालं होतं. सकाळी आमच्या भाकरीआधी त्या बाईचा डबा भरला जायचा. तिच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब टाकायला ही जायची. जीपमध्ये बसवून तिला परभणीला डोळ्यांच्या दवाखान्यात दोनदा घेऊन गेली. बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. मी आपला नेहमीसारखा, बाईसाहेबांनी दवाखाना काढलाय का, असं चिडवायचो. आधी तिनं मला चार शब्द सुनावले असते. आता ती मान वरसुद्धा करत नव्हती. तिची झोप उडाली होती. आणि त्या बाईच्या घरी जायला तिकाटण्यावरून सरळ वाट असताना ही शाळेमागून लांबचा फेरा घालत होती. मला हे सगळं दिसत होतं. पण मी माझ्याच दोन चांदण्यांत इतका गुरफटलो होतो की तिला नीट विचारलं नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

सोक्षमोक्ष लावला तो एका निवृत्त कंडक्टरनं. तो सेलूहून नाणी घेऊन आला होता. मी भिंग लावलं आणि थकल्या आवाजात म्हणालो, आहे, जोडचांदणी आहे. त्यानं माझ्या हातातून भिंग घेतलं, नाणं धरलं, आणि मी त्याला कधीकाळी शिकवलं होतं तसं हळूहळू गोल फिरवलं. मग म्हणाला, "मास्तर, मला तर एकच दिसायली."

मी नाणं त्याच्याकडून जवळजवळ हिसकावलं. उजव्या डोळ्याला भिंग लावून फिरवलं. नाणं फिरलं. खरी चांदणी फिरली. दुसरी मात्र उजवीकडं वर, जिथल्या तिथं. मी उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्यानं बघितलं. एकच चांदणी, स्वच्छ, पाचही टोकं वेगळी. सगळ्या जगाला फिरवा फिरवा सांगणाऱ्या माणसानं अडीच महिने एक नाणं फिरवून बघितलं नव्हतं. कंडक्टरला हसू येत होतं, पण भल्या माणसानं चहाच्या कपात लपवलं.

परभणीचा डॉक्टर तरुण होता. म्हणाला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, वर्षापेक्षा जास्त दिवसांपासून वाढतोय, डोळ्यातल्या भिंगात असा डाग पडला की एकाच डोळ्यानं दोन दिसतात. वर्षापेक्षा जास्त, हे मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. म्हणजे अमावास्येच्या कितीतरी आधी. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली, आणि डोळ्यावर हिरवी पट्टी लावून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. बायको शेजारी होती. मला हुरूप आला होता. म्हणालो, बघ, किती दिवस आत काय चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

"मला होता," ती म्हणाली. "तुमी पाणी वतायचात ते गिलासाच्या बाजूला. मागच्या दिवाळीपासून बघायले मी."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, दोनदा बोलले, दवाखान्याचं नाव काढलं की तुमी अंगावर येता. हे खरं होतं. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. आणि म्हणाली की अमावास्येला दुपारी मी झोपलो असताना तिनं माझ्या डोळ्यांवरून उतारा काढला. लिंबाच्या दोन फोडी, भात, आणि एक रुपया. दिवेलागणीला तिकाटण्यावर ठेवून आली.

मला आठवलं, त्या दुपारी उठलो तेव्हा उशीवर भाताचं एक शीत होतं, लालसर. जेवताना सांडलं असेल म्हणून मी ते टिपून टाकलं होतं.

ती बोलतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बघायला गेली तर बाकी सगळं जागच्या जागी आणि रुपया नाही. पहाटे त्या वाटेनं आधी कोण जातं ते गावाला माहीत आहे. आणि चौथ्या दिवशी त्या बाईचा डोळा गेला. "मी तुमचं काढून तिच्या अंगावर टाकलं," ती म्हणाली. "गरीब बाईच्या."

मला उजव्या बाजूचं काही दिसत नव्हतं, आणि ती नेमकी त्या बाजूला होती. त्यामुळे मी तिच्याकडं न बघताच म्हणालो, "रुपया मी उचलला."

 मी पूर्ण मान वळवून बघितलं तर ती माझ्याकडं टक लावून बघत होती.

"कवा?"

"त्याच सकाळी. उजाडायच्या आत. ती बाई यायच्या आधी."

व्हरांड्यात पेशंटांची नावं पुकारत होते. बायको दोन्ही हात तोंडावर धरून रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला. अडीच महिने ती जळत होती आणि मी शेजारच्या खाटेवर रुपया लपवून झोपत होतो. एक वाक्य बोललो असतो तर ती त्याच दिवशी सुटली असती. गावापर्यंत ती जीपमध्ये माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर मला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "बरं झालं. घरचं घरातच ऱ्हायलं." दुसऱ्याच्या घरी जाण्यापेक्षा ते माझ्या डोळ्यात परत आलेलं तिला चाललं होतं, आणि त्यात तिला काही विचित्र वाटत नव्हतं. मला तिच्यापुढं फार लहान वाटलं.

पट्टी निघाली, थेंब संपले, आणि एका सकाळी मी तबक काढून ओसरीवर बसलो. एकेक पुडी उघडली. तेरावं नाणं साधं. चौदावं साधं. पंधरावं आणि एस. टी.ची पाचही साधी. शेवटी तिकाटण्यावरचा रुपया काढला. तो मी सगळ्यात मागं ठेवला होता.

वर्षाखाली दोन चांदण्या होत्या. मी फिरवलं. दोन्ही चांदण्या नाण्याबरोबर फिरल्या. डावा डोळा लावला, तरी दोन. पुन्हा फिरवलं, पुन्हा दोन्ही फिरल्या. खरी जोडचांदणी, दुसरा ठोका केसभर उजवीकडं वर सरकलेला. बरोबर त्याच बाजूला, जिथं माझ्या डोळ्यातली दुसरी चांदणी अडीच महिने बसून होती.

त्या पहाटे भिंगातून मला ठशातली चांदणी दिसली होती की डोळ्यातली, हे आता कधीच सांगता येणार नाही. मी बायकोला हाक मारली आणि भिंग तिच्या डोळ्याला लावून दाखवलं. तिनं नाण्याला हात लावला नाही. नुसतं वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मंग दुखणं तिथं उतरलं की."

मी तिला सांगितलं की हा ठसा कित्येक वर्षांपूर्वी हैदराबादला चुकला, तिच्या लिंबाच्या फार आधी, आणि असेच हजारो रुपये बाजारात असतील. ती मान हलवत होती, वर्गातली हुशार पोरगी मास्तरांना बरं वाटावं म्हणून हलवते तशी. मग आत जाऊन तिनं डबा भरला.

मी म्हणालो, आता कशाला जातेस? तुझा त्यात काही दोष नव्हता, आता तुला कळलंय.

"दोष न्हवता," ती पायात चप्पल सरकवत म्हणाली. "पर डोळा तर गेलाच ना तिचा."

मीही तिच्यामागून निघालो. त्या दिवशी तिनं लांबचा फेरा घातला नाही. तिकाटण्यावरून सरळ गेली, मधोमध, डबा सांभाळत. मी मात्र तिथं उभा राहिलो. पुडी माझ्या खिशात होती. परत ठेवायचा म्हणूनच मी तो रुपया आणला होता. वाकलो, पुडी उघडली, नाणं दोन बोटांत धरलं. ऊन चढलं होतं, तिन्ही वाटांवर कुणी नव्हतं, आणि पुढं बायको थांबून माझ्याकडं बघत होती. मी वर्गात शिकवलेलं सगळं आठवून बघितलं. पण ते नाणं मला खाली ठेवता आलं नाही. कुणी उचललं असतं तर?